संशोधक सांगतात तो 'समाजाला उपयोग' कितपत खरा धरायचा?

तळटीप
मी विद्यापीठांतल्या संशोधकांचं लिखाण तपासून देते. त्यात 'सर्वसामान्यांसाठी सारांश' नावाचा एक प्रकार असतो. तुम्ही काय करता आणि त्याचा समाजाला काय उपयोग, हे दीडशे शब्दांत सांगायचं. अनुदानाचा अर्ज, वार्षिक अहवाल, विभागाचा खुला दिवस, सगळीकडे तो लागतो.

असे ढिगाने सारांश वाचल्यावर माझी खात्री झालीय की पहिलं आणि शेवटचं वाक्य कुणाचंही उचलून कुठेही डकवावं, काही बिघडत नाही. पहिलं वाक्य: 'आज मानवजातीसमोर ऊर्जा, पाणी व आरोग्याची गंभीर आव्हाने उभी आहेत.' शेवटचं: 'त्यामुळे भविष्यात कर्करोगाच्या उपचारांत क्रांती घडू शकेल.' मधे एक रसायन. परवा एका सारांशात झिंक ऑक्साइडचे नॅनोकण होते. पाणी शुद्ध करणं, कर्करोग बरा करणं, सौरऊर्जा आणि अन्न टिकवणं, अशी चारही कामं त्यांनी अंगावर घेतली होती. एवढ्याशा कणाने वाहायचं तरी किती!

इथे बरेच संशोधक आहेत, म्हणून विचारते. हे लिहिताना तुमचा स्वतःचा त्यावर विश्वास असतो का? आणि जे संशोधक नाहीत, त्यांना नेमकं काय ऐकायला आवडेल? विज्ञान परिषदेतली भाषणं नकोत, अनुभव सांगा.

शेवटचा_बाक
रुमाल टाकून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

अपवर्तन
विश्वास नसतो. पण चौकट रिकामी ठेवली तर अर्ज पहिल्याच चाळणीत जातो.

हे खूळ फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९७ पासून प्रत्येक प्रस्तावात 'व्यापक परिणाम' हा निकष लावलाय. ब्रिटनमध्ये विद्यापीठांचं जे मोठं मूल्यमापन होतं, त्यात २०१४ साली २० टक्के गुण संशोधनाच्या समाजावरील परिणामाला होते, २०२१ मध्ये २५ टक्के. त्यावर विभागाचा निधी ठरतो. मग विभागप्रमुख येऊन विचारतो, 'तुझा परिणाम कुठेय?' आता माझं काम स्फटिकातल्या दोषांवर. माझा परिणाम कुठे असणार, स्फटिकात!

मुकादम
म्हणजे खोटं लिहिता हे कबूल. पैसे आमच्या करातून जातात म्हणून विचारलं एवढंच.

अपवर्तन
@मुकादम, खोटं नव्हे, 'घडू शकेल'. त्या 'शकेल'वर आमचा सगळा संसार चाललाय. (हलकेच घ्या.)

रेणुका_म
अपवर्तन यांच्या माहितीत एक महत्त्वाची भर घालते. ब्रिटनच्या त्या २०१४ च्या फेरीत पुढे काय होईल हे विचारलंच नव्हतं. जे घडून गेलंय ते पुराव्यानिशी सांगा, असं होतं. परिणाम २००८ ते २०१३ या काळात दिसलेला हवा, पण त्यामागचं संशोधन थेट १९९३ पर्यंत मागचं चालेल. म्हणजे प्रयोगशाळेतून बाहेर पडायला वीसेक वर्षं लागू शकतात हे त्यांनी नियमातच धरलं होतं. आपल्या अर्जांत मात्र तीन वर्षांच्या प्रकल्पाने तीन वर्षांत काय भलं होईल ते लिहायचं असतं. तळटीप यांना खटकणारी वाक्यं याच विचित्र प्रश्नातून जन्मतात असं माझं मत.

चिकित्सक_बोका
+१. प्रश्नच चुकीचा असला की उत्तर क्रांतीच येणार.

मुकादम
वीस वर्षं थांबायचं आणि मग समजायचं की पैसे पाण्यात गेले? अमेरिकेत प्रॉक्समायर नावाचे सिनेटर होते. १९७५ पासून ते सरकारी पैशांच्या उधळपट्टीला दर महिन्याला 'गोल्डन फ्लीस' पुरस्कार द्यायचे. बऱ्याच संशोधकांची त्यात वरात निघाली. आपल्याकडेही सुरू करा.

सूक्ष्मजीवी
त्याला उत्तर म्हणून २०१२ पासून 'गोल्डन गूज' पुरस्कार देतात, तेही सांगा की. ऐकायला हास्यास्पद वाटलेल्या आणि पुढे मोठं काम करून गेलेल्या संशोधनाला तो मिळतो. माझ्या लाडक्या जिवाणूला २०१३ मध्ये मिळाला (म्हणजे त्याला शोधणाऱ्यांना).

इंडियाना विद्यापीठातले थॉमस ब्रॉक १९६६ मध्ये यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत काय जगतं ते पाहायला गेले. हडसन फ्रीझ हा त्यांचा विद्यार्थी. सत्तर अंशांच्या आसपासच्या पाण्यात मजेत राहणारा जिवाणू त्यांनी वाढवून दाखवला, थर्मस अक्वॅटिकस. आता ब्रॉकना सारांश लिहायला सांगितला असता तर काय लिहिलं असतं? 'जीवन किती तापमानापर्यंत टिकतं ते पाहतोय.' बस.

१९८३ मध्ये कॅरी मुलिसना पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीची कल्पना सुचली. त्यात डीएनएच्या दोन पट्ट्या सुट्या करायला दर फेरीला मिश्रण पंचाण्णव अंशांच्या आसपास तापवावं लागतं. प्रती जोडणारं साधं विकर (एन्झाइम) त्या उष्णतेत मरायचं. मग प्रत्येक फेरीनंतर झाकण उघडून नवीन विकर घाला, बंद करा, पुन्हा तापवा. ब्रॉकच्या जिवाणूचं विकर त्या तापमानाला टिकतं, त्यामुळे एकदा घातलं की पुढे यंत्र आपापलं चालतं. कोविडची आरटीपीसीआर चाचणी याच पद्धतीवर उभी आहे.

मुकादम
छान गोष्ट. पण ही लागलेली लॉटरी आहे. न लागलेली तिकिटं दाखवा ना एकदा. दर वेळी तोच यलोस्टोन, तेच पेनिसिलिन.

अपवर्तन
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. आमच्यातही कुणी अर्जात 'ब्रॉकचं उदाहरण लक्षात घेता' असं लिहिलं की परीक्षक कपाळाला हात लावतात. त्यांचं फळलं म्हणून तुमचं फळेल असं थोडंच आहे?

शून्यांश
शुद्ध गणितवाल्यांचा वेगळाच वांधा. हार्डी नावाच्या थोर गणितज्ञाला आपलं गणित कुणाच्या उपयोगाचं नाही याचा अभिमान होता, १९४० मध्ये त्याने तसं लिहूनही ठेवलं. पुढे १९७७ मध्ये मूळसंख्यांवर आधारलेली आरएसए सांकेतिक पद्धत आली आणि आमची सोय झाली. तेव्हापासून अंकसिद्धांतातला प्रत्येक जण अर्जात 'सायबर सुरक्षा' लिहितो, त्याचं काम कशावरही असो. मीसुद्धा. विश्वासाबद्दल विचारलं होतं म्हणून सांगितलं.

गुंतवळ
गणिताचाच विषय निघाला आहे तर. गेल आणि शॅप्ली यांनी १९६२ मध्ये 'स्थिर विवाह' यावर छोटासा पेपर लिहिला. इतकी मुलं, इतक्या मुली, प्रत्येकाची पसंतीची यादी. जोड्या अशा लावायच्या की कुठल्याही दोघांना आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावंसं वाटू नये. निव्वळ कोडं. त्यावरूनच आज किडनीची अदलाबदल होते. ॲल्विन रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

शेवटचा_बाक
पसंतीची यादी वगैरे ठीक, पण माझं नाव कुणाच्याच यादीत नसेल तर गणित काय म्हणतं?

शून्यांश
@शेवटचा_बाक, गणित म्हणतं, शेवटच्या बाकावरून उठा.

@गुंतवळ, थोडी दुरुस्ती. लग्नाच्या कोड्याचा थेट वापर नव्या डॉक्टरांना रुग्णालयं नेमून देण्यात आणि मुलांना शाळा ठरवून देण्यात झाला. किडनीसाठीचं मूळ दुसऱ्या पेपरात आहे, शॅप्ली आणि स्कार्फ, १९७४. तिथे माणसं आपापली घरं बदलतात आणि पैशांचा व्यवहार नाही. घराच्या जागी किडनी ठेवा. माझा भाऊ मला द्यायला तयार आहे पण रक्तगट जुळत नाही, तुमच्या पत्नीचं तुमच्याशी तेच. पण भावाची तुम्हाला चालते आणि तुमच्या पत्नीची मला. अशी साखळी कितीही जणांची होऊ शकते, फक्त ती शोधून काढायला गणित लागतं. रॉथ, सोन्मेझ आणि उन्व्हर यांनी २००४ मध्ये ते मांडलं आणि त्याच वर्षी न्यू इंग्लंडमधल्या प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांसोबत कार्यक्रमही सुरू झाला.

मुकादम
हे समजलं. भाऊ, पत्नी, रक्तगट. असं का नाही लिहीत तुम्ही लोक?

तळटीप
@मुकादम, अगदी हेच विचारायला धागा काढलाय!

ओसरीवर
मी संशोधक नाही. संशोधकांच्या प्रकल्पांची गावपातळीवरची कामं करत आले आहे, माहिती गोळा करणं वगैरे. त्यामुळे दुसऱ्या टोकाची बाजू मांडते.

धूर कमी करणाऱ्या चुली घ्या. प्रयोगशाळेत त्या उत्तमच असतात. धूर कमी, जळण कमी, आकडे चोख. ओडिशात एमआयटी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी (हॅना, डुफ्लो, ग्रीनस्टोन) अशा चुली दिलेल्या घरांकडे चार वर्षं लक्ष ठेवलं. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे तो फरक उरला नाही. लोक चूल रोज वापरत नव्हते, तिची डागडुजी होत नव्हती. यात चुलीचा दोष नव्हता. चूल बांधून दिली म्हणजे प्रश्न सुटला, हे गृहीतक चुकलं होतं.

माझी तक्रार अशी की सारांशात 'ग्रामीण महिलांचे जीवनमान उंचावेल' असं लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे जण चुलीसमोर बसून बघतात. एका प्रकल्पात आमच्या प्रश्नावलीत 'उपकरण आवडले का?' असा प्रश्न होता. बायका 'हो' म्हणायच्या. पाहुण्याला कोण नाही म्हणेल? मी वरिष्ठांना म्हटलं, त्यापेक्षा राख बघू या का, ताजी आहे की आठवड्याची. उत्तर आलं, तो रकाना फॉर्ममध्ये नाही.

चिकित्सक_बोका
राखेचा रकाना! कडक प्रतिसाद.

रेणुका_म
@ओसरीवर, फार नेमकं. पण त्या तिघांचं काम हाही उपयोगच म्हणायचा ना? 'हे चालत नाही' हे चार वर्षं थांबून सांगणं. अर्जात असं लिहिण्याची सोय मात्र नाही: 'आम्ही बहुधा निराशा करू.'

हळदुगे
ओसरीवर यांचा प्रतिसाद वाचून उलट उदाहरण आठवलं. अभय आणि राणी बंग यांचं गडचिरोलीतलं काम. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे ओळखायला मिनिटाला किती श्वास ते मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ किंवा जास्त म्हणजे धोका, त्याहून मोठ्याला वर्षापर्यंत पन्नास. पण मोजायचं कुणी? गावातल्या दाईने, आणि तिला साठपर्यंत मोजता येत नाही. म्हणून एक साधन केलं. मिनिटभराची वाळू आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, लहान बाळासाठी एक आणि मोठ्यासाठी एक. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की काम झालं.

त्यांच्या नवजात बाळांच्या घरगुती सेवेचा पेपर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. हे विद्यापीठातले संशोधक नव्हेत हे मान्य, पण धाग्याचा विषय 'प्रश्नाला भिडणं' असेल तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

शेवटचा_बाक
अखेर धाग्यात मणी आले.

जुनी_वही
कलाशाखेला कुणी विचारतच नाहीये, म्हणून स्वतःच बोलते. 'इतिहासाचा काय उपयोग' यावर मी एकच गोष्ट सांगते. जपानमध्ये १७०० सालच्या जानेवारीत समुद्र आत आल्याच्या नोंदी आहेत, गोदामं बुडाली, घरं गेली. पण भूकंप जाणवल्याची नोंद नाही, म्हणून तिला 'पोरकी' त्सुनामी म्हणायचे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर भूशास्त्रज्ञांना खाऱ्या पाण्यात बुडून मेलेल्या झाडांची जंगलं सापडली होती, पण नेमकी तारीख नव्हती. १९९६ मध्ये केंजी साताके आणि सहकाऱ्यांनी दोन टोकं जुळवली: २६ जानेवारी १७००, त्याच अमेरिकी किनाऱ्यालगतच्या कॅस्केडिया पट्ट्यातला भूकंप, तीव्रता सुमारे नऊ. ज्या किनाऱ्यावर मोठा भूकंप होतच नाही असा समज होता, तिथे आज त्या हिशेबाने तयारी करतात. कारकुनांनी हिशेबासाठी लिहून ठेवलेल्या कागदांनी हे केलं.

तरीही माझ्या अर्जात मी 'भूकंप' लिहिणार नाही. माझा विषय सतराव्या शतकातला पत्रव्यवहार आहे, आणि तो तेवढाच आहे.

अपवर्तन
शेवटच्या परिच्छेदासाठी सलाम. आम्ही तर लिहिला असता.

काठावर
पीएचडीची विद्यार्थिनी. 'तीन मिनिटांत प्रबंध' ही स्पर्धा माहीत असेल. क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केली, आता जगभर चालते. एकच स्लाइड, तीही स्थिर, हातात कुठलीही वस्तू नाही, तीन मिनिटं झाली की बाद. मी भाग घेतला होता. तयारी करून घेणारे सर म्हणाले, सुरुवातीला घरातल्या कुणाचा तरी आजार घाल, परीक्षक विरघळतात. माझा विषय काँक्रीटला जाणारे तडे! मी म्हटलं, आजीला तडे गेले नव्हते. ते म्हणाले, मग पूल कोसळव.

शेवटी मी पूल कोसळवला नाही. तडा गेला की पाणी आत शिरतं, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते, हे सांगितलं आणि त्यात मी नेमका कोणता टप्पा अडवायचा प्रयत्न करते ते सांगितलं. बक्षीस पूल कोसळवलेल्या मुलाला मिळालं. पण नंतर एक बांधकाम ठेकेदार मला शोधत आले आणि पाऊण तास बोलत बसले.

मुकादम
काठावर, तुम्ही जिंकलात असं समजा. सळई फुगते हे मला ठाऊकच नव्हतं.

सलाईन
मी डॉक्टर आहे. काठावर यांच्या 'कोणता टप्पा' याला धरून.

जलसंजीवनी सगळे जाणतात. तिच्यामागे तीन वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाचा 'सारांश' वेगळा झाला असता. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्रागच्या परिषदेत मांडलं की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज सोडियमचा हात धरून शिरतं. शुद्ध शरीरक्रियाशास्त्र, कॉलराचा संबंध नाही. १९६८ मध्ये ढाक्यात नेलिन आणि कॅश यांनी कॉलराच्या रुग्णांना ग्लुकोज-मिठाचं पाणी तोंडाने देऊन दाखवलं की शिरेतून देण्याचं सलाईन पुष्कळ कमी लागतं. पण हे रुग्णालयात, मोजूनमापून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

तिसरं १९७१ चं. बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमधल्या बनगावला आले, कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण पिंपांत भरून तोट्या लावल्या आणि नातेवाइकांनाच पेले भरून पाजायला सांगितलं. तोवर ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूंचं प्रमाण त्या छावणीत ३.६ टक्क्यांवर आलं.

क्रेन यांनी १९६० मध्ये 'लाखो बालकं वाचतील' असं लिहिलं असतं तर ती थाप ठरली असती, आणि नंतर खरीही ठरली असती. तेव्हा त्यांना प्रामाणिकपणे एवढंच लिहिता आलं असतं: 'साखर आतड्यात कशी शिरते ते मी शोधतोय, ज्यांच्या आतड्यातून पाणी वाहून जातं त्यांच्यावर काम करणाऱ्यांनी याकडे बघावं.' मला असला सारांश आवडेल. पुढच्या माणसाला दिलेला निरोप.

ओसरीवर
नातेवाइकांना पेला देणं हाच यातला खरा शोध वाटतो मला.

सलाईन
@ओसरीवर, बऱ्याच डॉक्टरांना तोच पचला नव्हता. शिकलेल्या माणसाशिवाय उपचार म्हणजे काय!

गुंतवळ
अवांतर: 'जलसंजीवनी' हे नाव कुणी दिलं असेल?

चिकित्सक_बोका
त्यासाठी वेगळा धागा काढा. नाहीतर इथे उद्या जुन्या दूरदर्शनच्या जाहिराती सुरू होतील.

तळटीप
बरं, मूळ विषयावर येते. त्या झिंक ऑक्साइडवाल्या विद्यार्थिनीशी बोलले. तिची परवानगी घेऊन इथे टाकते. आधीचा मजकूर असा होता:

'आज जलप्रदूषण ही एक गंभीर जागतिक समस्या आहे. प्रस्तुत संशोधनात विकसित केलेले नॅनोपदार्थ जलशुद्धीकरण, जैववैद्यकीय, ऊर्जा व अन्नवेष्टन क्षेत्रांत क्रांतिकारी ठरू शकतात.'

तिला विचारलं, रोज सकाळी जाऊन काय करतेस? तासभर बोलली. त्यातून हे झालं:

'कापड रंगवल्यावर सांडपाण्यात रंग उरतो, तो साध्या गाळणीने निघत नाही. झिंक ऑक्साइडच्या भुकटीवर अतिनील प्रकाश पडला की रंगाचे रेणू तुटतात, हे आधीपासून माहीत आहे. अडचणी दोन. सूर्यप्रकाशात अतिनील भाग थोडाच असतो, आणि काम झाल्यावर ही बारीक भुकटी पाण्यातून परत काढणं अवघड. मी दुसऱ्या अडचणीवर काम करते: भुकटी काचेच्या मण्यांवर घट्ट बसवायची, म्हणजे मणी उचलून घेता येतील. आतापर्यंत एका रंगावर, चंचुपात्रात, अतिनील दिव्याखाली हे जमलं आहे. कारखान्याच्या खऱ्या सांडपाण्यावर अजून करून पाहिलेलं नाही.'

रेणुका_म
वा! दुसरा वाचून मला तिची प्रयोगशाळा बघावीशी वाटतेय.

अपवर्तन
झकास. पण तिचे गाईड शेवटची दोन वाक्यं उडवणार. लावा पैज.

तळटीप
पैज जिंकलात. 'करून पाहिलेलं नाही' हे वाक्य काढा, असा निरोप आलाय. परीक्षक त्यावर बोट ठेवतील म्हणे.

सूक्ष्मजीवी
मी परीक्षक म्हणून बसते कधीकधी. ते वाक्य नसलं तरच बोट ठेवते, कारण मग मलाच शोधावं लागतं. चंचुपात्रात एकच रंग असतो. सांडपाण्यात मीठ, साबण, तेल, शिवाय गढूळपणामुळे प्रकाशच आत पोचत नाही. हे तिला माहीत आहे, असं दिसलं तर माझा विश्वास वाढतो. गाईडना सांगा, वाक्य काढू नका, पुढे एक जोडा: 'पुढच्या वर्षी मीठ घातलेल्या पाण्यावर करणार.'

जुनी_वही
आणि 'क्रांतिकारी' हा शब्द संपादकांनी परस्पर जप्त करावा.

शेवटचा_बाक
शंभरी गाठली नाही. निषेध.

मुकादम
कर भरणारा म्हणून एक शंका. ते मणी किती वेळा वापरता येतात? भुकटी सुटत असणार ना हळूहळू? सुटली तर पुन्हा पाण्यातच जाणार.

तळटीप
@मुकादम, तिला विचारून आले. भुकटी सुटते, आणि ती पाण्यात किती उतरते हे ती दर धुण्यानंतर मोजते. मणी आधी आम्लाने खरवडून घेतले तर कमी सुटते, पण खरवडलेल्या मण्यांवर रंग जास्त चिकटून बसतो आणि मग नेमका किती तुटला आणि किती नुसता चिकटला हे कळत नाही. सध्या तिथेच अडकलीय.

मुकादम
मग दिवा बंद ठेवून एकदा करून बघायचं. अंधारात जेवढा रंग कमी होईल तो नुसता चिकटलेला.

सूक्ष्मजीवी
मुकादम, अर्ज कधी भरताय?